बालकाची दंतवैद्याशी पहिली भेट व शिक्षकाचे कर्तव्य



प्राथमिक शाळेच्या वर्गात दातदुखी क्वचितच आपल्या नावाने येते. एखादे मूल दुपारच्या भोजनातील भात एकाच बाजूने चावते. थंड पाण्याचा घोट घेताना डोळे घट्ट मिटते. पाढे म्हणताना ओठ पुरते उघडत नाही. आदल्या दिवशी अचूक सोडविलेली बेरीज दुसऱ्या दिवशी चुकते, कारण रात्री त्याला झोप मिळालेली नसते. शिक्षकाने विचारले, तर ते मान हलवून ‘काही नाही’ म्हणते. दुखते असे कबूल केले की कोणी तरी दवाखान्यात नेईल, तेथे पक्कड असेल आणि दात उपटला जाईल, असा हिशेब त्याने मनाशी केलेला असतो. वेदना सोसणे त्याला त्या खुर्चीत बसण्यापेक्षा सोपे वाटते. मग चांगला वाचविता आला असता असा दात जातो, आणि मुलाची भीती खरी ठरते.

हे चक्र तोडावयाचे, तर मूल प्रथमच दंतवैद्याकडे जाण्यापूर्वी त्याच्या मनाची तयारी झाली पाहिजे. शहरातील मुलाची तयारी आईबाप करतील. खेड्यात पुष्कळ घरी आईबापांनीच दंतवैद्याचे तोंड पाहिलेले नसते. तेथे हे काम शिक्षकाकडे येते, आणि शिक्षकास ते करता येण्याजोगेही आहे. त्यासाठी वैद्यकशास्त्र शिकण्याची आवश्यकता नाही. मुलाशी खरे बोलण्याची व थोडा वेळ देण्याची आवश्यकता आहे.

दुधाच्या दातांचे मोल

दुधाचे दात वीस. सुमारे सहाव्या महिन्यापासून ते येऊ लागतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सर्व येऊन जातात. सहाव्या वर्षाच्या सुमारास पुढचे दात हलू लागतात; मागील दुधाच्या दाढा मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. ‘दुधाचाच दात आहे, पडणारच आहे, कशाला खर्च करायचा?’ हा घरोघर ऐकू येणारा युक्तिवाद येथेच लंगडा पडतो. दुसरीतील मुलाची किडलेली दाढ आपण होऊन पडावयाची, तर अजून चार-पाच वर्षे जावयाची असतात. तेवढी वर्षे त्या मुलाने कशाने चावावे? दुधाची दाढ अकाली गेली, तर शेजारचे दात त्या रिकाम्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातास जागा उरत नाही. मुळाशी पू झाला, तर त्याखाली घडत असलेल्या कायमच्या दातासही इजा पोहोचू शकते.

याहून महत्त्वाची एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाने ध्यानी ठेवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, खाली दोन व वर दोन, अशा चार नव्या दाढा येतात. त्या येताना एकही दात पडत नाही. त्यामुळे त्या आल्याचे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. या दाढा कायमच्या असतात, परंतु आई त्यांना दुधाच्याच समजते. त्यांच्या माथ्यावर खोल खाचा असतात, त्यांत अन्न अडकते आणि ब्रश तेथवर पोहोचत नाही. पहिलीत आलेली ही दाढ चौथीपर्यंत किडून गेली, तर जन्मभर तिच्या जागी दुसरी येत नाही. पहिल्या भेटीचा खरा लाभ येथे आहे. दाढ निरोगी असतानाच तिच्या खाचा औषधी लेपाने बुजविता येतात, आणि त्या कामात टोचणे अथवा कोरणे काहीच नसते.

भीती कोठून येते?

दंतवैद्याची भीती घेऊन कोणी जन्मास येत नाही. ती मोठ्या माणसांकडून मिळते. ‘गप्प बस, नाही तर डॉक्टरकडे नेऊन सुई टोचीन,’ ही धमकी ज्या घरी रोज दिली जाते, त्या घरच्या मुलाने डॉक्टरला शिक्षा देणारा मनुष्य समजावे, यात त्याचा काय दोष? कधी कधी शाळेतही हे शब्द शिक्षकाच्या तोंडून निघतात. ते प्रथम थांबले पाहिजेत. सुई, गोळी, दवाखाना व डॉक्टर ही नावे वर्गात शिस्तीसाठी कधीही वापरू नयेत.

भीतीचे दुसरे उगमस्थान म्हणजे ऐकीव कथा. ओट्यावर बसून आजोबा आपली दाढ कशी उपटली, किती रक्त गेले, हे रंगवून सांगतात. कोपऱ्यातील नातू ते सर्व ऐकत असतो. बाजाराच्या दिवशी दातातून ‘किडे’ काढून दाखविणारे लोकही कोठे कोठे आढळतात. दातात अळी नसते. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कठीण कवच विरघळविते. यालाच दात किडणे म्हणतात. दाखविलेला किडा हातचलाखीचा असतो, एवढे मुलांना स्पष्ट सांगितले, तर आपल्या दातात जिवंत प्राणी वळवळतो आहे या किळसवाण्या कल्पनेतून ती मोकळी होतात.

तिसरे कारण सर्वांत बलवत्तर आहे. बहुतेक मुलांची पहिली भेट अत्यंत वाईट दिवशी होते. गाल सुजलेला, रात्रीची झोप नाही, पोटात अन्न नाही, आई रडकुंडीस आलेली, अशा स्थितीत मूल प्रथमच त्या खुर्चीवर बसते. त्या दिवशी जे काही होईल, ते त्याच्या मनावर कायमचे कोरले जाते. म्हणून पहिली भेट दुखण्यापूर्वी घडावी. त्या दिवशी डॉक्टरांनी फक्त दात मोजले, आरशाने पाहिले व मुलाचे नाव विचारले, एवढे झाले तरी ती भेट सफल झाली असे समजावे. पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, निदान पहिल्या वाढदिवसापर्यंत, ही भेट व्हावी, असे तज्ज्ञ सांगतात. शाळेत आलेल्या मुलाच्या बाबतीत तो काळ मागे पडलेला असतो. तरीही दुखू लागण्याच्या अगोदरचा प्रत्येक दिवस उपयोगाचाच आहे.

‘गुरुजी, दुखेल का?’

तयारीच्या कामात शिक्षकाची खरी परीक्षा या एका प्रश्नाने होते. ‘छे, मुळीच दुखणार नाही,’ असे उत्तर ओठांवर लगेच येते. त्यामागील हेतू प्रेमळ असला, तरी हे उत्तर देऊ नये. एक तर शिक्षकास ते ठाऊक नसते. डॉक्टरांनी पाहिल्यावाचून काय करावे लागेल, हे कोणीच सांगू शकत नाही. दुसरे, जे मूल दुखण्याचा विचार करीत नव्हते, तेही तो शब्द ऐकून विचार करू लागते. तिसरे, आणि हे सर्वांत गंभीर, थोडेसे जरी दुखले, तरी मुलाचा विश्वास डॉक्टरांवरून उडतोच, पण शिक्षकावरूनही उडतो. पुढे तोच शिक्षक लस टोचून घेण्याविषयी अथवा विहिरीच्या काठावर न जाण्याविषयी सांगेल, तेव्हा मूल त्याचे का ऐकेल?

खरे उत्तर असे देता येते: ‘डॉक्टर आधी फक्त पाहतील. काही करावयाचे असेल, तर आधी तुला सांगतील, दाखवतील, मग करतील. तुला काही वाटले, तर डावा हात वर कर, ते थांबतील.’ या उत्तरात वेदना नाकारलेली नाही आणि वाढवलेलीही नाही. मुलाच्या हाती एक साधन मात्र दिले आहे. आपला हात वर गेला की मोठा मनुष्य थांबतो, हे कळल्यावर मुलाची अर्धी भीती ओसरते. दंतवैद्याच्या कानावर हा हाताचा संकेत अगोदर घालावा, म्हणजे दिलेला शब्द पाळला जाईल.

‘आधी सांगावे, मग दाखवावे, मग करावे’ ही रीत बालदंतवैद्यकात रूढ आहे. अमेरिकेतील दंतवैद्य ॲडलस्टन यांनी १९५९ साली ती मांडली आणि आज जगभर ती शिकविली जाते. शिक्षकास तीत नवल वाटण्याचे कारण नाही. अक्षर सांगावयाचे, फळ्यावर काढून दाखवावयाचे आणि मग मुलाकडून गिरवून घ्यावयाचे, हीच ती रीत होय.

शब्दांची निवडही जपून करावी. सुई, कापणे, उपटणे, रक्त, पक्कड हे शब्द शिक्षकाने आपण होऊन काढू नयेत. आरसा, दिवा, पाण्याचा फवारा, वर-खाली होणारी खुर्ची यांविषयी बोलावे. मुलाने थेट विचारले, तर टाळू नये. ‘कधी कधी औषध देऊन दात झोपवावा लागतो, त्या वेळी चिमट्याइतके जाणवते, मग ओठ जड वाटतो,’ एवढे सांगून थांबावे. मुलाने विचारले तेवढेच सांगणे, हा या कामातील उत्तम नियम आहे.

वर्गातील तयारी

यासाठी वेगळा तास नको आणि खर्चही नको. आठवडाभर रोज दहा मिनिटे पुरतात.

पहिल्या दिवशी दातांची ओळख करून द्यावी. मुलांनी जोडीने बसून एकमेकांचे दात नुसते पाहून मोजावेत; तोंडात बोटे घालू देऊ नयेत. कोणाचे वीस भरतील, कोणाचे बावीस, कोणाचे चोवीस. कोणाच्या पुढे खिंडार असेल. चोवीस का झाले, हे विचारले की सहाव्या वर्षाच्या दाढेचा पाठ आपोआप निघतो. पडलेल्या दाताची लाज वाटणाऱ्या मुलास यात मान मिळतो. काही घरी पडलेला दात उंदराच्या बिळात टाकून त्याच्यासारखा बळकट दात मागतात. त्या रीतीची चेष्टा न करता तिच्याच आधाराने नव्या दातांची गोष्ट सांगावी.

दुसऱ्या दिवशी ‘दातांचा दवाखाना’ हा खेळ मांडावा. एका बाकास खुर्ची समजावे, विजेरीस दिवा समजावे. एक मूल डॉक्टर, एक रुग्ण, एक आई. हातातील लहान आरसा तोंडाबाहेर धरून डॉक्टर दात मोजील आणि पाटीवर आकडा लिहील. डॉक्टर होणाऱ्या मुलास ‘आधी सांग, मग दाखव, मग कर’ असे बजावावे. भित्र्या मुलास प्रथम डॉक्टर करावे, रुग्ण मागाहून. दुसऱ्याचे तोंड तपासून झाले की स्वतःचे उघडण्यास ते फारसे कचरत नाही.

तिसऱ्या दिवशी उताणे पडून तोंड उघडे ठेवण्याचा सराव करावा. मोठ्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु अनोळखी माणसासमोर उताणे पडणे, तोंड उघडे असणे व बोलता न येणे या तिन्ही गोष्टी मुलास एकदम असहाय करतात. सतरंजीवर निजवून, नाकाने सावकाश श्वास घेत दहापर्यंत आकडे मोजेतो तोंड उघडे ठेवावयास सांगावे. मग वीसपर्यंत. मध्येच डावा हात वर करावयास सांगावे आणि हात वर होताच शिक्षकाने खरोखर थांबावे.

चौथ्या दिवशी आवाजांविषयी बोलावे. दवाखान्यातील यंत्र शिट्टीसारखा बारीक आवाज करते, त्यातून पाणी उडते. दुसरी नळी तोंडातील पाणी ओढून घेते. पिठाच्या गिरणीचा आवाज मुलास रोजच्या परिचयाने भिववीत नाही. या आवाजाचाही परिचय व्हावा, इतकाच हेतू. पाचव्या दिवशी ज्या मुलाने अशी भेट पूर्वी दिली असेल, त्यास चार वाक्ये बोलू द्यावी. मात्र ते काय सांगणार, हे शिक्षकाने अगोदर ऐकून घ्यावे.

पालकांशी बोलणे

२०१३ सालापासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्य पथके शाळांतून मुलांची तपासणी करतात; दातांचे विकार त्या तपासणीत अंतर्भूत आहेत. पथक दोष आढळलेल्या मुलास पुढील रुग्णालयाची चिठ्ठी देते. या कार्यक्रमाखाली पाठविलेल्या मुलाचा उपचार विनामूल्य आहे. तरीही पुष्कळ चिठ्ठ्या दप्तराच्या तळाशी चुरगळून राहतात, कारण तालुक्यास जाणे म्हणजे एका मजुरीचा दिवस बुडणे. ही अडचण खरी आहे आणि तिला उपदेशाने उत्तर देता येत नाही. शिक्षकाने एकाच वस्तीतील तीन-चार मुलांच्या चिठ्ठ्या एकत्र करून त्यांच्या पालकांनी बरोबर जाण्याची योजना करावी; दंतवैद्य कोणत्या दिवशी असतात, हे अगोदर विचारून ठेवावे. एकाही पालकाची फेरी वाया गेली, तर दुसरी फेरी होणे कठीण. चार मुले एकत्र गेली की एकमेकांना पाहून धीटही होतात. त्यांतील शांत मूल प्रथम पुढे करावे.

पालकांना तीन गोष्टी सांगाव्यात. जाण्यापूर्वी मुलास खाऊ-पिऊ घालून, दात घासून, शक्य तर सकाळच्या वेळी न्यावे. ‘रडला नाहीस तर पेढा देईन,’ अशी लालूच दाखवू नये. लालूच दाखविली की पुढे काही भयंकर आहे, हे मूल ओळखते. तिसरे, दुखऱ्या दाढेत तंबाखू अथवा मशेरी भरू नये आणि वेदनाशामक गोळी हिरडीवर दाबून ठेवू नये. तिने हिरडी भाजते. मुलांना ॲस्पिरिन तर पोटातही देऊ नये.

गाल किंवा जबडा सुजला, ताप आला, तोंड उघडेना अथवा गिळता येईना, तर तयारीची वाट पाहू नये. त्याच दिवशी मुलास रुग्णालयात पोहोचवावे. दातातील पू गळ्याकडे पसरला, तर जिवावर बेतू शकते. खेळताना कायमचा दात मुळासकट निखळला, तर तो मुळाशी न धरता वरच्या भागाने उचलावा, दुधात ठेवावा आणि मुलासह तासाभरात दंतवैद्याकडे न्यावा. तो पुन्हा बसविता येण्याचा संभव असतो. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवीत नाहीत.

भेटीनंतर

मूल परत आल्यावर ‘रडलास का रे?’ हा प्रश्न वर्गात कोणीही विचारू नये, शिक्षकाने तर नाहीच. रडणे हा अपराध नव्हे. ‘तू दहा आकडे होईपर्यंत तोंड उघडे ठेवलेस,’ अशी त्याने प्रत्यक्ष केलेल्या गोष्टीची वाखाणणी करावी. एखादे मूल खुर्चीपर्यंत जाऊन परत आले असेल. त्यास भित्रे म्हणू नये. ते खुर्चीपर्यंत गेले, येथून पुढची सुरुवात करावी. दात बधिर केलेल्या मुलास जडपणा उतरेपर्यंत खाऊ देऊ नये. गमतीने ओठ चावून ते जखम करून घेते. काही ठिकाणी कीड थांबविण्यासाठी कोरल्यावाचून नुसते रुपेरी औषध लावतात. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे ते औषध जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. त्याने किडलेला भाग काळा पडतो. त्या काळ्या दातावरून मुलास कोणी चिडवू नये, म्हणून हे शिक्षकाने वर्गास आधीच सांगून ठेवावे.

अखेर रोजच्या सवयीविषयी. दुपारच्या भोजनानंतर सर्व वर्गाने खळखळून चूळ भरावी. रात्री निजताना व सकाळी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. तिनाहून लहान मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. सात-आठ वर्षांपर्यंत घरातील मोठ्या माणसाने शेवटचा हात फिरवावा. चहात बुडविलेले बिस्कीट आणि दिवसभर चघळलेली गोळी दातांस जेवणातील गोडापेक्षा अधिक बाधते, कारण दर खेपेस आम्लाचा नवा हल्ला होतो. गोड खावयाचे, तर जेवणाबरोबर खावे.

या सर्व कामात शिक्षकास दंतवैद्य व्हावयाचे नाही. मुलाच्या तोंडात काय आहे, हे डॉक्टर पाहतील. त्याने ते तोंड विश्वासाने उघडावे, एवढी सिद्धता शाळेने करावी. पुढील आरोग्य तपासणीपूर्वी प्रत्येक शाळेने पहिली व दुसरीच्या वर्गांत हा आठवडा पार पाडावा, मागील चिठ्ठ्या दप्तरांतून बाहेर काढाव्यात आणि कोणते मूल एकाच बाजूने जेवते, इकडे उद्यापासूनच लक्ष ठेवावे. त्या मुलास ‘काही नाही’ म्हणण्याची गरज उरू नये.